कोयत्याचीही संघटना असते

दसरा उलटला की सिरसाळ्याच्या परिसरातली घरे एकेक करून कुलूपबंद होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या आणि लेकरे चढतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडावर. या माणसांची संघटना आहे, असे सांगितले तर शहरातल्या वाचकाला नवल वाटते. संघटना म्हणजे गिरणीचे फाटक, घोषणा आणि संप, हे चित्र आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे.

ते बसवले मुंबईच्या १९८२ च्या संपाने. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उभे राहिले, आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हापासून 'युनियनने गिरण्या बुडवल्या' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. जुनी यंत्रे, आजारी गिरण्या आणि जमिनीचे वाढलेले मोल, यांचा उल्लेख मात्र त्या वाक्यात नसतो.

खरे तर आपल्याकडच्या कामगार चळवळीचा पहिला मोठा विजय संपाने मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

ऊसतोड कामगाराचे तर संपाशी नातेच अवघड. हंगामाआधी मुकादम उचल देतो. तिच्यातून लग्न, दवाखाना, घराची डागडुजी होते. म्हणजे फडावर पाय ठेवण्याआधीच मजुरी खर्च झालेली असते. 'पैसे घेतले, आता कसला हक्क?' हा प्रश्न मुकादमच नव्हे, गावातले शहाणेही विचारतात. पण उचल ही मजुरीचीच आगाऊ रक्कम. ती घेतली म्हणून टनाला दर काय असावा, हे विचारण्याचा अधिकार विकला जात नाही.

हा दर एकट्याने ठरत नाही. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात काही वर्षांसाठी करार होतो. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला होता, 'कोयता बंद'चे इशारे देऊन झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. एकट्या जोडप्याने फडावर वाद घातला असता तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा कोयता आला असता.

संघटनेत सारे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मुकादमाचे कमिशनही याच बोलण्यांत ठरते, आणि अनेक ठिकाणी मजूर, मुकादम व वाहतूकदार एकाच झेंड्याखाली येतात. करारात वाढलेला दर हिशेबाच्या वहीत उतरतो की नाही हे मजुराला कळतच नाही. त्याला कळते ते एवढेच, की उचल फिटली की बाकी राहिली. बाकी राहिली तर पुढचा हंगाम आधीच बांधला गेला. पुढारी बाहेरचा आहे, ही नेहमीची तक्रार इथे गौण वाटते. वही कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे.

आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. ती पहाटे भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली, तेव्हा तिचे शरीर पहिल्यांदा बातमीत आले. मजुरी तिच्या नावे वेगळी लिहा, ही मागणी दराच्या मागणीइतक्याच जोराने पुढे यायला हवी. पाऊसकाळात ती गावातच असते. दसऱ्याआधी होणाऱ्या बैठकीला तिलाही बोलावता येईल.