आमचा माणूस स्टंटला भाड्यानं मिळणार नाही



तिसरी पाळी करून आलोय. कानात अजून रिंग फ्रेमचा घरघराट, नाकात कापूस. झोप यायला पायजे, येत नाही. डोक्यात परवाची बैठक बसलीय.

आपल्याच पोरांनी वर्गणी काढून गटारात उतरणाऱ्या कामगारांवर छोटा सिनेमा केला. चांगला केला, मी स्वतः दोनदा बघितला. एका महोत्सवात निवडला गेला, तेव्हा वस्तीत पेढे वाटले. मग एक प्रसिद्धीवाला आला. आपला चहा प्याला आणि आपल्यालाच शिकवून गेला : असले सिनेमे शेकड्यानं येतात, कोण बघतंय? एक खराखुरा सफाई कामगार आणा. अंगाला घाण फासा. उघडाच दारातल्या लाल गालिच्यावर उभा करा. पोलीस ओढतील, फोटो निघतील, काम झालं.

आणि आपली पोरं काय म्हणाली? "आयडिया भारी हाय."

माझं डोकं तिथं फिरलं.

ही विद्या कुठून आली ते बघा. फ्रान्सात समुद्रकाठी कान नावाचं शहर आहे. तिथल्या महोत्सवात सिनेमापेक्षा सिनेमाबाहेरचा तमाशाच जास्त गाजतो. 2007 साली एक विनोदी नट मधमाशीचा पोशाख चढवून तारेला लटकत मोठ्या हॉटेलच्या गच्चीवरून खाली आला. त्याच्यावर माझा राग नाही. हसं झालं ते त्याचं स्वतःचं झालं, लटकला तो स्वतः.

पण 2014 चा मे महिना बघा. 'द एक्स्पेंडेबल्स 3' नावाचा मारधाडीचा सिनेमा. स्पर्धेत नव्हताच. तरी त्याचे नट समुद्रकाठच्या रस्त्यावरून रणगाड्यांवर बसून मिरवले. आणि त्याच नटांनी लाल गालिच्यावर हातात पाट्या धरल्या : आमच्या मुली परत आणा!

कुठल्या मुली? नायजेरियातल्या चिबोक गावच्या. 14 एप्रिल 2014 च्या रात्री बोको हरामनं वसतिगृहातून 276 पोरी पळवल्या. ती घोषणा त्यांच्या आयांची, अबूजाच्या रस्त्यावर उतरलेल्या बायांची. आयांचा तो हंबरडा रणगाड्यावाल्यांच्या जाहिरातीत शिरला. सिनेमा चालला, थेटरातून उतरला, पाट्या कचऱ्यात गेल्या. दहा वर्षांनी, 2024 सालीही, त्यातल्या ऐंशीहून जास्त पोरी घरी आलेल्या नव्हत्या.

तुमची 'भारी आयडिया' याच खाणीतली आहे. पाटीच्या जागी आपला माणूस, एवढाच फरक.

त्याच कान शहरात 1968 सालीही मे महिना आला होता. फ्रान्समधे कामगार आणि विद्यार्थी संपावर होते. 18 मे ला गोदार, त्रुफो आणि त्यांचे सोबती रंगमंचावर चढले, पडद्याला लटकले, खेळ होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी महोत्सव बंद पडला. बक्षिसं वाटली गेली नाहीत. गंमत बघा, ते सिनेमावाले होते आणि सिनेमाच बंद करत होते! तिकिटं खपवायला पडद्याला कोण लोंबकळतं?

2024 साली त्याच महोत्सवात हंगामी राबणाऱ्या कामगारांनी संपाची हाक दिली. सिनेमे दाखवणारे, तिकिटं बघणारे, दोन पैशांवर या महोत्सवातून त्या महोत्सवात फिरणारे. त्यांचे फोटो तुमच्यापैकी किती जणांनी बघितले? मधमाशीचा बघितला असंल.

बैठकीत एकानं मला गप्प करायला महाड काढलं. म्हणे, बाबासाहेबांनीही सगळ्यांसमोर तळ्याचं पाणी प्यालं, सगळ्यांसमोर मनुस्मृती जाळली. मग तेही दाखवायलाच ना?

अरे, तोंड धुऊन बोल. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यालं ते ज्यांचा हक्क होता त्यांनी. त्यानंतर डोकी फुटली तीही त्यांचीच. कुणी सवर्णानं आपल्या नाटकाचा खेळ लागावा म्हणून त्यांना तळ्यावर नेलं नव्हतं. आपल्या योजनेत घाण लागणार कामगाराला, दंडुका पडणार कामगाराला, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून आत बसणार आपण. त्याला महाड म्हणता? लाज आहे का?

'कोर्ट'ही 2014 सालचाच. मॅनहोलमधे मेलेला कामगार आणि त्या मरणापायी खटल्यात अडकवलेला लोकशाहीर, अशी त्याची गोष्ट. व्हेनिसला बक्षीस घेऊन आला. शाहीर झाले होते नागपूरचे वीरा साथीदार, आपल्या चळवळीतलाच माणूस, 2021 च्या कोरोनात गेला. त्या सिनेमासाठी गटारातून माणूस काढून गालिच्यावर मांडला असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

गाजावाजा नको असं मी म्हणत नाही. खूप करा. हातानं मैला उपसायचं काम कायद्यानं 2013 सालीच बंद केलंय. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली सांगितलंय. त्या पैशासाठी ज्या बाया कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, त्यांच्यासोबत जाऊन बसा. तिथं लावा कॅमेरा. तिथं पोलिसांनी ओढलं तर मीही ओढला जाईन, पाळी बुडवून येतो.

आणि एक. सिनेमाच्या शेवटी नावं येतात ती मी नीट वाचली. कॅमेरा ज्यानं दोन दिवस उसना दिला त्याचंही नाव आहे. गटारात उतरून दाखवणारे तिघं मात्र नुसतेच 'सफाई कामगार'. रविवारच्या बैठकीला त्या तिघांना मी घेऊन येणार आहे. गालिच्यावर कोण उभं राहणार ते मग ठरवू. आधी त्यांची नावं विचारून घ्या आणि पडद्यावर घाला.