मोजलं खरं, पण लिहायचं कशात?

"नेट चालत नाही" ही तक्रार बालाघाटात रोज कुठल्या ना कुठल्या घरात ऐकू येते. बैहरच्या पुढे जंगलात शिरलं की तक्रार करायलाही फोन लागत नाही. पण नुसती तक्रार आणि पुरावा यांत फरक आहे. "काल रात्री फारच स्लो होतं" म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, राउटर बंद करून चालू करा. तेच महिनाभराच्या, तासातासाच्या नोंदी समोर ठेवल्या की बोलण्याचा सूर बदलतो.

अशी मोजमापं करणारी मोफत, मुक्तस्रोत साधनं आहेत. 'एम-लॅब' २००९ पासून वेग मोजते. 'ऊनी' २०१२ पासून कुठल्या देशात कुठली संकेतस्थळं अडवली जातात ते नोंदवतं. दोन्हींच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. आमच्या ओळखीतली इंजिनिअरिंगची दोन-तीन मुलं असंच एक लहानसं साधन घरोघरी बसवायला तयार करताहेत. वेग मोजण्याचा भाग त्यांनी चार दिवसांत लिहिला. अडलं ते पुढे: मोजलेलं कुठल्या प्रकारच्या फाईलमध्ये ठेवायचं? वाचकहो, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

पहिली सूचना अर्थातच एक्सेलची आली. आपल्याकडे लग्नातल्या आहेरापासून सोसायटीच्या हिशोबापर्यंत सगळं एक्सेलमध्येच असतं ना! पण हिशोब करून बघा. एका घरात दर तासाला एक नोंद म्हणजे महिन्याला ७२०. शंभर घरांच्या झाल्या ७२,०००. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला हेच भोवलं. प्रयोगशाळांकडून आलेले कोरोनाचे निकाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये भरले जात होते. फाईल भरली आणि उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना निरोप उशिरा गेले.

मग साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेल्या ओळी? ती कुठेही उघडते आणि दहा वर्षांनीही उघडेल. पण त्या फाईलला आकडा कुठला आणि नाव कुठलं हे कळत नाही, उघडणारा आपापल्या समजुतीनं ठरवतो. बालाघाटचा एसटीडी कोड ०७६३२. एक्सेलमध्ये फाईल उघडा, पुढचं शून्य गायब. हे एक्सेलचं जुनं दुखणं आहे. काही मानवी जनुकांच्या नावांची ते तारीख करून टाकायचं, इतकं की शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली!

मुलांपैकी एकाचा ओढा यॅमलकडे होता. दिसायला सुटसुटीत, वाचायला घरच्या यादीसारखं. ऊनीचे अहवालही सुरुवातीला यॅमलमध्येच असत, पुढे ते जेसनवर आले. यॅमलचा घोळ असा की ते वाचणाराही फार अक्कल चालवतो. त्याच्या जुन्या नियमांनुसार 'नो' म्हणजे 'नाही', म्हणून नॉर्वेचं दोन अक्षरी संक्षिप्त नाव लिहिलं की देश नाहीसा होतो. अवतरणचिन्हांशिवाय २२:३० लिहिलं की ते साठाच्या हिशोबानं १३५० होतं. रात्री साडेदहाला नेट बंद पडलं हे सांगायचं आणि फाईलमध्ये निघणार तेराशे पन्नास! २००९ च्या आवृत्तीत हे नियम सुधारले, पण जुन्या नियमांनी वाचणारी सॉफ्टवेअर अजून जागोजागी आहेत.

शेवटी जेसन ठरलं, तेही एका विशिष्ट रीतीनं. सगळ्या नोंदी एकाच मोठ्या कंसात घातल्या तर शेवटचा कंस लिहिण्याआधी लाईट गेली की अख्खी फाईल वाचता येत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल ते काय सांगावं. म्हणून प्रत्येक नोंद आपल्या जागी पूर्ण, एका ओळीत एक. लाईट गेलीच तर फार तर शेवटची ओळ जाईल, आधीची सुखरूप. एसटीडी कोड अवतरणचिन्हांत. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, सोबत आपला साडेपाच तासांचा फरक. वेगाच्या रकान्याच्या नावातच एकक, कारण मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक पडतो आणि कंपनीशी वाद नेमका तिथेच रंगतो. ज्यांना एक्सेलमध्येच बघायचंय त्यांच्यासाठी या नोंदींतून सीएसव्ही काढून द्यायची. मूळ फाईलला हात लावायचा नाही.

'वायरशार्क' वापरतात त्या पीकॅप प्रकाराचाही विचार झाला. त्यात तारेवरून गेलेलं प्रत्येक पाकीट जसंच्या तसं उतरतं. दोष शोधायला त्यासारखं दुसरं नाही, पण त्या घरातल्यांनी कुठली संकेतस्थळं पाहिली तेही त्यात येतं. शेजारच्या काकूंनी विश्वासानं आपल्या घरात यंत्र बसवू दिलंय, तेव्हा हे नकोच, असं माझं स्पष्ट मत पडलं आणि मुलांनी ते मानलं.

सध्या वाद गावाच्या नावावर अडलाय. वारासिवनी रोमन लिपीत लिहायला बसा, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. देवनागरीत लिहावं, तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, 'बालाघाट' या शब्दाला एकवीस. एवढी जागा आज कुणाला जड नाही. मासिकासाठी कृतिदेवमध्ये टाईप करून पाठवलेले लेख उघडल्यावर कसे दिसतात हे ज्यांनी पाहिलंय, ते यूनिकोडशिवाय दुसरं काही सुचवणार नाहीत. माझं म्हणणं, सरकारच्या स्थानिक निकाय निर्देशिकेत प्रत्येक गावाला एक क्रमांक दिलेला आहे, तो लिहा आणि शेजारी नाव देवनागरीत. दोघं तयार आहेत. तिसऱ्याचं म्हणणं, घरोघरी विचारत फिरताना तो क्रमांक कुणाला पाठ असणार? त्यावर आता शोधता येणारी यादी साधनातच घालायचं काम सुरू झालंय.