माशीच्या डोळ्यामागचा हिशेब

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या फळमाशीवर जनतेचा पैसा का खर्च करावा? २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन अनुदाने रोखली, तेव्हा या माशीच्या जनुकांची माहिती जगभरच्या संशोधकांना पुरवणारा 'फ्लायबेस' हा कोशही अडचणीत आला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अनुदाने रोखण्याची कारवाई बेकायदा ठरवली. मूळ प्रश्न मात्र कायम आहे.

त्याचे उत्तर माशीच्या डोळ्यातच सापडते. हा डोळा सुमारे ८०० नेत्रिकांचा बनलेला असून प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. कोणत्या पेशीने कोणते काम करायचे, हे शेजारच्या पेशींकडून येणारे संदेश ठरवतात. आठव्या पेशीचा संदेश पोहोचला, तरच तिची शेजारीण सातवी पेशी बनते. 'सेव्हनलेस' या जनुकात दोष असल्यास तो संदेश स्वीकारला जात नाही आणि सातवी पेशी घडतच नाही.

या संदेशाच्या वाटेवर 'रास' हे प्रथिन असल्याचे जेराल्ड रुबिन यांच्या चमूने १९९१ मध्ये दाखवून दिले. मानवी पेशींतही हीच वाट आहे. तेथे 'रास'मध्ये बिघाड झाल्यास वाढीचा संदेश थांबत नाही आणि कर्करोगाला वाट मिळते. अशा एका बिघाडावर थेट काम करणाऱ्या सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०२१ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

हे औषध माशीतून थेट निघालेले नाही. परंतु ही वाट उलगडण्यात माशीचा वाटा मोठा आहे. पुण्या-मुंबईतील प्रयोगशाळांतही फळमाशीवर संशोधन चालते. त्यामुळे तात्काळ फळाची अट घालून मूलभूत संशोधनाचा निधी तोडल्यास त्याची झळ केवळ अमेरिकेपुरती राहणार नाही.