गुऱ्हाळाला मतं तीन

परवा एका मित्राने फोनवर चांगलंच सुनावलं. "तुम्ही लोक कंपन्यांची फुकट हमाली करता. त्यांनी अर्धकच्चं सॉफ्टवेअर सोडायचं, तुम्ही ते आपल्या मशीनवर टाकून घ्यायचं, काही बिघडलं की त्यांनाच कळवायचं. आणि शेवटी विकत कोण घेणार? तुम्हीच!"

मी गप्प बसलो, कारण त्याचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आई, आत्या आणि पुण्यातली समस्त भावंडं): विंडोज, लिनक्स यांना ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. त्यांची नवी आवृत्ती बाजारात यायच्या आधी काही महिने कच्ची आवृत्ती लोकांना वापरायला देतात. बीटा म्हणा, प्रिव्ह्यू म्हणा. हेतू हा की चुका आधीच सापडाव्यात.

मला हा नाद लागला २००६ साली. विंडोज व्हिस्टाचा बीटा २ त्या जूनमध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. आमच्या इस्लामपुरात (२०२५ साली सरकारने गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरवलं, पण माझ्या तोंडात अजून इस्लामपूरच येतं, चालायचंच) तेव्हा घरच्या इंटरनेटवर डीव्हीडीभर फाईल उतरवणं हे अशक्यच होतं. पुण्याच्या मित्राने डीव्हीडी लिहून गावाकडे येणाऱ्या एकाच्या हाती दिली. मी पेठ नाक्यावर जाऊन ती ताब्यात घेतली आणि भारनियमनाचं वेळापत्रक बघून रात्री इन्स्टॉल करायला बसलो. त्या गाजलेल्या पारदर्शक खिडक्या माझ्या जुन्या मशीनवर दिसल्याच नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी चार मित्रांना बघायला बोलावलं!

जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ चा बीटा आला. मायक्रोसॉफ्टने आधी २५ लाखांची मर्यादा ठेवली होती, गर्दी एवढी उसळली की ती काढून टाकावी लागली. त्या बीटात खिडकीच्या वरच्या पट्टीतच 'अभिप्राय पाठवा' असा दुवा होता. १ जुलैपासून तो बीटा दर दोन तासांनी आपोआप बंद पडायला लागला आणि १ ऑगस्टला त्याची मुदत संपली. मी शेवटच्या दिवसापर्यंत वापरला. त्या दुव्यावर किती वेळा टिचकी मारली? एकदाही नाही.

आता सांगा, मी काय तपासलं? काहीही नाही. लग्नाच्या आदल्या रात्री आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावून "वा, छान वास सुटलाय" म्हणणारा पाहुणा आणि मी यात काडीचा फरक नव्हता. आणि माझ्यासारखेच ढीगभर होते. स्क्रीनचे फोटो टाकायचे, 'मी टाकलं, तू टाकलंस का' करायचं. मित्र ज्याला हमाली म्हणतो ती आम्ही केलीच नाही, आम्ही नुसते हमालाचा बिल्ला लावून फिरलो.

मग तात्यांचं गुऱ्हाळ आलं.

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांच्या गुऱ्हाळाचे हिशोब चुलतभाऊ संगणकावर ठेवायचा. कुणाचा ऊस किती आला, ढेपा किती पडल्या, गुळव्याला उचल किती दिली, सगळं मराठीत. जुन्या फायली त्याने संगणकाच्या कीबोर्डवर टंकलेल्या, नंतरच्या मोबाईलवर. आणि मी शहाणपणा करून एका नव्या सिस्टिमची प्रिव्ह्यू आवृत्ती तात्यांच्याच मशीनवर टाकून दिली. (ती कुणाची, ते सोडा.) आठवड्याभरात तात्यांचा फोन. "निम्मं गुऱ्हाळ गेलं कुठं रं?"

फायली जागेवरच होत्या, शोधून सापडत नव्हत्या. कारण शोधलं तेव्हा कळलं की गोम 'गुऱ्हाळ' या शब्दातच आहे. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक डोक्यावरचा रफार, 'सूर्य' मधला. दुसरा आडवा, 'शेतकऱ्याला' मधला. 'आचार्यांना' बोलावणं आणि 'आचाऱ्यांना' बोलावणं यातला फरक कुठल्याही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही. आपलं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही: कऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, दऱ्या, पायऱ्या, नवऱ्याला, शेतकऱ्याला.

युनिकोडमध्ये हा आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडायचा. नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. त्या प्रिव्ह्यूमध्ये शोधाची नवी चौकट ते न दिसणारं चिन्ह गिळून टाकत होती. तुम्ही 'गुऱ्हाळ' लिहावं आणि चौकटीत 'गुर्हाळ' उमटावं. मोबाईलवरून लिहिलं तर नव्या फायली सापडायच्या, जुन्या एकाही मार्गाने नाही.

यावेळी मी अभिप्राय लिहिला. आयुष्यातला पहिला नीट अभिप्राय. काय टंकलं, कोणती चिन्हं, कोणत्या क्रमाने, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, सोबत चार चित्रं. तिथे पद्धत अशी की तुमच्या तक्रारीला इतरांनी मत द्यायचं, आणि मतं जास्त ती तक्रार वर. माझ्या तक्रारीला मतं पडली तीन. एक माझं, एक चुलतभावाचं, एक पुण्याच्या त्या डीव्हीडीवाल्याचं. वरच्या पानावर तेव्हा चिन्हांचे रंग आवडले नाहीत म्हणून हजारो मतं पडलेली. सहा महिन्यांनी माझी तक्रार 'पुरेसा पाठिंबा नाही' म्हणून बंद झाली.

माझं भांडण नेमकं इथे आहे. चाचणी ही निवडणूक नव्हे.

मतमोजणीने काय होतं याचं सगळ्या जगाने पाहिलेलं उदाहरण आहे. विंडोज १० ची प्रिव्ह्यू आवृत्ती १ ऑक्टोबर २०१४ ला लोकांना मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने १८,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं होतं आणि चाचणीचं काम करणारेही त्यात गेल्याच्या बातम्या होत्या. (मित्राचं निम्मं बरोबर आहे म्हटलं ते यासाठी.) पुढे २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती बाहेर पडली आणि काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. चार-पाच दिवसांत वाटप थांबवावं लागलं, ते पुन्हा सुरू झालं १३ नोव्हेंबरला. वाईट याचं वाटतं की प्रिव्ह्यू वापरणाऱ्या काहींनी हे आधीच कळवलं होतं. पण तक्रारी थोड्या, मतं थोडी, ढिगात दबून गेल्या. कंपनीच्याच म्हणण्यानुसार असा अनुभव दहा हजारांत एखाद्याचा होता. त्यानंतर कुठे अभिप्रायाच्या खिडकीत चूक किती गंभीर आहे हे सांगायची सोय झाली.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, तो सांगेल यात काय चुकलं. उसाचा नवा वाण असाच येत नाही. सातारा जिल्ह्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी तो वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघतात, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा हंगामांत बघतात, लागणीचं पीक बघतात आणि खोडवाही बघतात. काळ्याभोर कसदार रानात तर काहीही उगवतं. वाणाची परीक्षा होते वाईट रानात. आमच्याकडे कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी पाणी देऊन देऊन क्षारपड झाल्या. तिथे कोणता ऊस तगतो हे कळलं तर त्या शेतकऱ्याचं घर चालतं. पाडेगावच्याच फुले २६५ चं नाव झालं त्यात क्षारपड रानात तग धरण्याचा मोठा वाटा आहे. आता समजा, केंद्राने गावागावांत मतं घेतली असती, 'कोणत्या रानाची चाचणी करू?' तर क्षारपड रानाला कुणी मत दिलं असतं? ज्याचं ते रान आहे, त्याने. तीन मतं!

मराठीची ही शोधाची अडचण हे संगणकाच्या दुनियेतलं क्षारपड रान आहे. ते दुसऱ्या कुणाला दिसणारच नाही. सिअ‍ॅटलच्या माणसाला 'गुर्हाळ' आणि 'गुऱ्हाळ' सारखंच. दिल्लीच्या माणसाला देवनागरी वाचता येते, पण त्यालाही ते खटकेलच असं नाही. तेव्हा कंपन्यांनो, एखाद्या भाषेबद्दलची तक्रार त्या भाषेचा एक माणूस नीट पुराव्यानिशी मांडत असेल तर ती त्या भाषेच्या जाणकाराकडे पाठवा, मतं मोजत बसू नका. एवढी साधी गोष्ट आहे.

आणि मित्रा, तुझ्या निम्म्या चुकीबद्दल. तू म्हणतोस, कळवूच नका, त्यांचं ते बघतील. ते बघत नाहीत हाच तर अनुभव आहे! विंडोज एक्सपीच्या काळात मराठी नुसती नीट दिसावी म्हणून भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग मशीन मूळ सीडी मागायचं. सीडी कुणाकडे असायची? व्हिस्टात ती कटकट गेली, कारण तोवर आपल्या लिप्या वापरणारे दिसायला लागले होते. लिनक्सच्या बाजूला तर रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत भारतीय भाषांवर काम करणारी माणसं होती, लोहित नावाचे टंक फुकट मिळत होते, आणि फेडोराच्या चाचणी आवृत्तीतली चूक कुणालाही नोंदवता येते, मतं लागत नाहीत. तिथे तरी आपण किती जण गेलो? अंतिम आवृत्ती आली की 'मराठीची कशी वाट लावली' म्हणून आपण चर्चेचं गुऱ्हाळ मात्र छान चालवतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, नुसतं मिरवायचं असेल तर प्रिव्ह्यू टाकू नका. टाकायचाच असेल तर जुन्या, रिकाम्या मशीनवर टाका, चुलत्यांच्या नको. आणि पहिल्या दिवशी बाकी सगळं सोडून 'शेतकऱ्याला' हा शब्द लिहून बघा. फाईलच्या नावात लिहा, शोधा, छापा, दोन्ही तऱ्हांनी लिहा. चुकला तर दहा ओळींत नीट लिहून पाठवा आणि मला कळवा, माझं एक मत नक्की.

तात्यांच्या मशीनवर मी दुसऱ्याच दिवशी जुनी सिस्टिम परत टाकली. चुलतभावाने आणि मी बसून सगळ्या फायलींतला आडवा र एका तऱ्हेचा करून दिला, दोन रविवार गेले. तात्यांनी ते बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "मशीनला गुऱ्हाळ म्हाईत न्हाय, त्येच्यात मी गुऱ्हाळाचा हिशोब कशाला ठिवू?"

तेव्हापासून हिशोब परत लाल कापडाच्या चोपडीत आहे. चोपडीत शोध लागत नाही, पण तात्यांना पान पाठ असतं.