रणगाड्यांचे संच: कोणता घ्यावा?

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं पालकसभा झाली, त्या दिवशीं अकोल्याहून आलेले एक गृहस्थ सभा संपल्यावर मागें थांबले. त्यांचा मुलगा येथें अमरावतीस आमच्या वसतिगृहांत राहून आठवींत शिकत होता. त्यांनीं कापडी पिशवींतून एक मोठी, भडक चित्राची पेटी काढून आमच्या मेजावर ठेविली आणि म्हणाले, "सर, पोरानं दिवाळीले लय हट्ट धरला म्हनून घेतलं. आता चैत सरत आला, पन हे अजून डब्यातच हाये. तुमीच सांगा, खोट पोरात हाये का डब्यात?" पेटींत एका जर्मन रणगाड्याचे हजारांहून अधिक सुटे भाग होते. त्यांतील पंधरावीस जोडलेले, एक चाक हरवलेलें, आणि बाकीचे सारे जसेच्या तसे.

तो प्रश्न आम्हीं हंसण्यावारी नेला नाहीं. निवड चुकली होती हें उघड होतें. पण ती चूक कोणत्या जातीची, हें सांगण्याइतका विचार त्या वेळीं आमचा झाला नव्हता. त्यानंतर वर्षभर शाळेच्या हस्तव्यवसायाच्या खोलींत मुलांबरोबर बसून, निरनिराळ्या कारखान्यांचे संच उघडून, मोजून व जोडून पाहिल्यावर जें मत बनलें तें येथें मांडीत आहों. पालकांनीं पुढच्या दिवाळीपूर्वीं तें वाचावें, इतकीच विनंति.

ज्यांनीं हा प्रकार पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. पोलादी सांच्यांत वितळलेलें प्लॅस्टिक मोठ्या दाबानें भरतात. तें थिजलें म्हणजे रणगाड्याचे सुटे भाग एका चौकटीला चिकटलेले असे बाहेर पडतात. मुलानें ते कापून घ्यावयाचे, कानशीनें घांसावयाचे, आणि पुस्तिकेंतील चित्रें पाहून जोडावयाचे. जोडण्याचा द्राव डिंकासारखा मध्यें बसून राहत नाहीं. तो दोन्ही कडा किंचित् विरघळवितो, आणि त्या एकमेकींत मुरून एकजीव होतात. म्हणून एकदां चुकीचें जोडलेलें सहसा सुटत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत तान्ह्या पोळ्याला मुलें लांकडी बैल सजवून मिरवितात. त्या बैलाचें शिंग खऱ्याच्या कितव्या हिश्शाचें, असें कोणी विचारीत नाहीं, विचारूंही नये. परंतु ह्या पेट्यांवर प्रमाण छापलेलें असतें, आणि ज्यानें प्रमाण छापलें त्याला मापाचा जाब विचारण्याचा हक्क घेणाऱ्यास आपोआप मिळतो.

ह्या प्रमाणांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांतील एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह नांवाच्या एका हंगेरियन गृहस्थानें १९३९ सालीं काढली. आरंभीं ती हवा भरलेलीं रबरी खेळणीं करीत असे. पुढें तिनें लहान रणगाडे काढले ते १ : ७६ ह्या प्रमाणाचे, कारण इंग्रज घरांतून खेळण्यांतल्या ज्या आगगाड्या असत त्यांच्या शेजारीं ते शोभावे. १ : ७२ हें प्रमाण विमानांच्या प्रतिकृतींवरून आलें, एक इंच म्हणजे सहा फूट, असा तो हिशेब. जपानांत शिझुओका येथें तामिया ही कंपनी १९४६ सालीं लांकूड कापण्याची गिरणी म्हणून सुरू झाली. लांकडी प्रतिकृति करतां करतां १९६० सालीं ती प्लॅस्टिककडे वळली, आणि लवकरच तिनें पँथर हा जर्मन रणगाडा काढला. त्याच्या पोटांत मोटार व विजेचे सेल मावावेत एवढा तो केला. मग मोजून पाहतां तो मूळ रणगाड्याचा सुमारें पस्तिसावा हिस्सा भरला. तेंच १ : ३५ प्रमाण आज जगभर रूढ आहे. इटलीची इटालेरी, कोरियाची अकॅडमी, तैवानची एएफव्ही क्लब, चीनची ट्रंपेटर, सर्वांचे मोठे रणगाडे त्याच मापाचे. दोन सेलांच्या लांबीनें साऱ्या जगाच्या कारखान्यांस बांधून टाकावें, ही गोष्ट आम्हांस अजून नवलाची वाटते.

आतां मापें घेऊं. सेंचुरियन हा ब्रिटिश रणगाडा आपल्या सेनेनें १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरला. तोफ सोडून त्याच्या धडाची लांबी सुमारें ७ मीटर ६० सेंटिमीटर, रुंदी सुमारें ३ मीटर ३९ सेंटिमीटर. पस्तिसाव्या हिश्शानें तो २१७ मिलिमीटर लांब व ९७ मिलिमीटर रुंद झाला पाहिजे. बहात्तराव्या हिश्शानें १०६ व ४७. शहात्तराव्या हिश्शानें १०० व ४५. ७२ आणि ७६ हे आंकडे दुकानांत जवळजवळ सारखे वाटतात, पण शेजारीं ठेवल्यावर लांबींत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो. एका मुलानें असे दोन रणगाडे एकाच फळीवर मांडून "हा लहान जातीचा, तो मोठ्या जातीचा" असें आम्हांस सांगितलें होतें. आणखी एक गंमत. सेंचुरियनचें वजन सुमारें ५१ टन. प्रतिकृति खरी असती तर तिचें वजन किती, असें विचारतांच एकानें ५१ ला ३५ नें भागून "दीड टन" असें उत्तर दिलें, तेव्हां सारा वर्ग पोट धरून हंसला. पण चूक कोठें, हें हंसणाऱ्यांपैकीं दोघांनाच सांगतां आलें. लांबी, रुंदी व उंची तिन्हीं ३५ नें घटतात, म्हणून वजन ४२,८७५ नें भागावें लागतें, आणि उत्तर सुमारें १ किलो २०० ग्रॅम येतें. घनमूळ व घनफळ शिकवितांना इतकें सोपें साधन आम्हांस दुसरें मिळालेलें नाहीं.

लांबी-रुंदी बहुतेक चांगले कारखाने बरोबर ठेवतात. खोटेपणा लपतो तो जाडींत. प्लॅस्टिकचा पत्रा एक मिलिमीटर जाड असला तर पस्तीसपट करून पाहतां तो ३५ मिलिमीटरांचा होतो. चाकांवरचें चिखल अडविणारें झांकण खऱ्या रणगाड्यावर पातळ पत्र्याचें असतें. प्रतिकृतींत तें फळीएवढें जाड दिसतें. ह्या दोषावर उपाय म्हणून अलीकडचे कारखाने पितळेचे अगदीं पातळ कोरीव पत्रे पेटींत घालतात. ते दिसण्यांत सुंदर. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते वांकवितां येत नाहींत, चिमट्यांतून उडाले तर जमिनीवर सांपडत नाहींत, आणि त्या द्रावानें पितळ चिकटत नाहीं, त्याला निराळा गोंद लागतो. पट्ट्यांचेंही तसेंच. कोठें रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा अखंड पट्टा मिळतो, कोठें तुकड्यातुकड्यांचा, आणि कोठें एकेक कडी सुटी. शेवटचा प्रकार सर्वांत खरा दिसतो. पण सेंचुरियनला एका बाजूस शंभरावर कड्या लागतात. दोन्ही बाजूंच्या दोनशेंवर झाल्या. प्रत्येक कडी कापून तिची गांठ घांसावयाची म्हणजे शनिवारचे किती दुपार गेले तें मोजावें.

ह्या बाबतींत आमचें मत स्पष्ट आहे. तामियाचे संच नवशिक्यास सर्वांत हितकर: भाग थोडे, सांधे नेमके, पुस्तिका समजण्यास सोपी. जुन्या सांच्यांतून निघालेल्या कांहीं रणगाड्यांच्या तळाला मोटारीच्या काळचीं भोंकें अजून राहिलीं आहेत, तीं बुजवावीं म्हणजे झालें. आंतील यंत्रासह काढलेले हजार भागांचे संच कॉलेजांत गेल्यावर घ्यावे. आणि कोणत्याही कारखान्याचा असो, आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारीं रंगकाम करूं नये. अकोल्याच्या उन्हांत कुंचल्याच्या टोकावरच रंग वाळतो. खिडक्या मात्र उघड्या असाव्या, कारण द्रावाचा वास डोक्यास चढतो.

परंतु ही संचाशीं संचाची तुलना झाली, आणि मुलें येथेंच थांबतात. खरी तुलना संचाची रणगाड्याशीं. एक उदाहरण पाहा. सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांत खेमकरणजवळ असल उत्तर येथें पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या सैन्यानें अडविले. एका बाजूस पॅटन, दुसऱ्या बाजूस आपले सेंचुरियन, शेर्मन व फ्रेंच बनावटीचे हलके एएमएक्स. तेथें ४ ग्रेनेडिअर्सच्या अब्दुल हमीद यांनीं जीपवरच्या तोफेनें रणगाडे फोडले, हें आमच्या मुलांस पाठ आहे. तो पॅटन करावा म्हणून आमच्यापैकीं एकानें तामियाचा एम-४८ ए-३ आणिला. संच सुरेख, पण ए-३ हा डिझेल यंत्राचा पुढचा प्रकार आहे. १९६५ सालीं पाकिस्तानकडे असलेले पॅटन पेट्रोलवर चालत. ए-३ चा पाठीमागचा भाग उंच असून मागें मोठीं झडपांचीं दारें आहेत. कारखान्यानें कांहीं खोटें केलेलें नाहीं. पेटीवर ए-३ असें स्वच्छ छापलेलें आहे. आम्हींच वाचलें नाहीं. तेथें उतरलेला दुसरा पॅटन म्हणजे एम-४७, आणि तो इटालेरीनें काढला आहे.

दुसरी गोष्ट थोडी कटु आहे. कोणत्याही कारखान्याची यादी पाहा. तींत जर्मनांचे टायगर व पँथर यांचीच गर्दी. आमच्या सातवींतल्या मुलास टायगरच्या तोफेचें माप येतें, पण पुना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्यें कोणत्या रणगाड्यावर पडले, हें येत नाहीं. रणगाडा चांगला बनविला होता, एवढ्यावरून तो कोणाच्या सत्तेसाठीं लढला हें विसरावें काय? टायगर करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्यावर चिकटवावयाच्या खुणा कोणत्या सैन्याच्या, व तें सैन्य जेथें गेलें तेथील माणसांचें काय झालें, हें मुलास कळल्यावर करावा; आणि तें कळविण्याचें काम पालकांचें व आमचें आहे, पेटीवरच्या चित्राचें नव्हे.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, ज्याचें मूळ आपणांस डोळ्यांनीं पाहतां येईल त्या रणगाड्याचा संच घ्यावा. ही सोय आपल्या राज्यांतच आहे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ सालापासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें सेंचुरियन, पॅटन, आपला विजयंत, दुसऱ्या महायुद्धांतले व्हॅलेंटाइन, मॅटिल्डा व जपानी रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही बारा मुलांस घेऊन गेलों. पहिला अर्धा तास कोणी मोजमाप केलें नाहीं, सारे नुसते "केवढा हा!" म्हणत फिरले. मग वह्या निघाल्या, लांबी पावलांनीं मोजली गेली. एकाचें लक्ष पॅटनच्या ओतीव बुरुजाकडे गेलें. आपण घरीं घांसघांसून गुळगुळीत केलेला बुरूज, आणि हा तर खडबडीत दगडासारखा! परत आल्यावर त्यानें आपल्या प्रतिकृतीवर द्राव लावून राठ कुंचल्यानें तो पृष्ठभाग ठोकून खरखरीत केला. वर्षभरांत पाहिलेलें हें सर्वांत चांगलें काम होय.

एका पालकांनीं आम्हांस असेंही विचारलें कीं, आपल्यासारख्या शाळेनें मुलांच्या हातीं युद्धाचीं यंत्रें द्यावींच कशाला. आक्षेप क्षुल्लक नाहीं. प्लॅस्टिकचा रणगाडा पोकळ असतो, आणि धोका त्या पोकळपणांतच आहे. खऱ्या सेंचुरियनमध्यें चार माणसें बसत. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पुना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या 'फामागुस्ता' नांवाच्या सेंचुरियनमध्यें मारले गेले. जन्म पुण्याचा, वय २१ वर्षें. तो रणगाडा नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्यें जपून ठेवला आहे. ही हकीकत संग्रहालयाच्या आवारांत सांगितली तेव्हां मुलांपैकीं एकानें हळूच विचारलें, "सर, बाहेर यायले दार कोनतं होतं?" आम्हीं वरचें झांकण दाखविलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

अकोल्याच्या त्या गृहस्थांस उत्तर द्यावयाचें राहिलें. खोट पोरांत नव्हती, डब्यांतही नव्हती; त्या वयाच्या हाताला तो डबा दिला ह्यांत होती, आणि आम्हांस वेळेवर विचारलें असतें तरी आम्हींही त्या वेळीं तेंच केलें असतें. त्या मुलानें पावसाळ्यांत बहात्तराव्या हिश्शाचा एक लहानसा शेर्मन घेतला, कारण असल उत्तरला डेक्कन हॉर्सकडे शेर्मन होते असें त्यानें वाचलें होतें. पांच शनिवारांत तो पुरा झाला. घरीं नेल्यावर वडिलांनीं तो तळहातावर घेऊन, "यात मानसं किती बसत?" असें विचारलें, आणि मुलानें "बाबा, पाच" म्हणून कोण कोठें बसे तें काडीनें दाखविलें. मोठी पेटी आमच्या खोलींत कपाटावर आहे. आतां चार मुलें मिळून ती करणार आहेत. हरवलेलें चाक अद्याप सांपडलें नाहीं.