घाईने बटण दाबू नका. पण थांबण्याची वेळ मागा

ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार असो की साकीनाक्याचे कारखाने, आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा पुष्कळसा व्यवहार आता मोबाईलवर चालतो. मध्येच '४२९' हा आकडा किंवा 'फार वेळा विनंती केली' असा संदेश येतो आणि काम अडते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने वाट मोकळी होत नाही. उलट अडवणूक लांबू शकते.

ही मर्यादा विनाकारण नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडले, तेव्हा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून झालेला भडिमार हे त्याचे कारण निघाले. म्हणून १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले: एका ॲपवर दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहायची, अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनच वेळा, तीही किमान ९० सेकंदांच्या अंतराने. तेवढा सब्र करावा. घाईत दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत.

पण सब्र एकट्या दुकानदारानेच का करावा? एका वायफायवर चार गाळे चालतात. बाहेरच्या संकेतस्थळाला ते सहसा एकच ठिकाण दिसते आणि एकाच्या घाईची शिक्षा चौघांना होते. किती वेळ थांबायचे हे कळवण्याची सोय इंटरनेटच्या नियमांत आहे. ती वापरणे मात्र सक्तीचे नाही. ते सक्तीचे व्हावे आणि ती वेळ मराठी-उर्दूत दिसावी, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी एकमुखाने करावी.