झालं गेलं गंगेला मिळत नाही

परवा माझ्या हातातली इंग्रजी भयकादंबरी बघून धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, या वयात पोथी वाचायची सोडून हे काय भुताखेतांचं? आणि वाईट गोष्टी उगाळू नयेत. झालं गेलं गंगेला मिळालं." ती हा ब्लॉग वाचते, म्हणून उत्तर इथेच देते.

पुस्तक आहे डॅरिल ग्रेगरी या अमेरिकन लेखकाचं, 'वुई आर ऑल कम्प्लीटली फाइन'. 2014 सालचं. छोटंसंच आहे, पण मराठी माध्यमातून बीए झालेल्या मला डिक्शनरी शेजारी घेऊन आठ दिवस लागले. नाव उपरोधिक आहे, कारण यातलं कुणीच ठीक नाही. अमानवी संकटातून वाचलेली पाच माणसं ग्रुप थेरपीसाठी जमतात. स्टॅनला नरभक्षकांनी पकडून ठेवलं होतं. बार्बराच्या हाडांवर कुणीतरी काही कोरून ठेवलंय, पण ते तिला स्वतःला दिसू शकत नाही. मार्टिन काळा चष्मा काढायलाच तयार नाही.

आम्ही धारप-मतकरींवर वाढलेली पिढी. भूत उतरलं, नाहीतर माणूस मेला, की पुस्तक मिटून आम्ही झोपायचो. मागे उरलेल्याचं पुढे काय झालं, हे मी तरी कधी विचारलं नाही. ही कादंबरी तिथूनच सुरू होते. म्हणून ती टाईमपास नाही, असं माझं ठाम मत आहे.

"बोलून काय होतं?" असं तुम्ही म्हणाल. लेखकही भाबडा नाही. स्टॅन आपली कहाणी ऐकेल त्याला सांगत सुटतो, तरी सुटत नाही. नुसतं बोलणं पुरत नाही, ऐकणारा लागतो. 'असं कुठे असतं का!' असं न म्हणणारा. त्या पाच जणांना तो एकमेकांत भेटतो, म्हणून तर पुस्तकात मधूनमधून 'आम्ही' बोलू लागतो.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा मोठा भाऊ विहिरीत बुडाला. तेराव्यानंतर तो शाळेत आला, त्याआधी मी वर्गाला बजावलं होतं, "त्याच्यापुढे तो विषय कुणी काढायचा नाही." मला वाटलं, केवढी मी समजूतदार! मुलांनी माझं ऐकलं. इतकं ऐकलं, की हळूहळू त्याच्याशी बोलणंच बंद केलं. वर्षभर तो शेवटच्या बाकावर गप्प बसला. वार्षिक प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला, 'शांत व शिस्तप्रिय'.

पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही. तो शेरा मात्र माझ्याच अक्षरात अजून डोळ्यांसमोर येतो.

आपल्या घरांतही असे 'शांत व शिस्तप्रिय' कमी नाहीत. एखादी आत्या, एखादे काका. त्यांच्यावर काय गुदरलं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच विचारत नाही. त्याला आपण 'जखमेवरची खपली काढू नये' म्हणतो. मला वाटतं, बहुतेक वेळा आपल्यालाच ऐकायचं नसतं.

तेव्हा जाऊबाई, पोथी मी वाचीनच. पण येत्या रविवारी तू ये. तुझ्या माहेरच्या त्या गोष्टीबद्दल इतक्या वर्षांत मी तुला एकदाही विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं, तर नुसता चहा घेऊ.